साळवेबाईंचा हेवा

साळवेबाई आमच्या घरी राहायला आल्या, त्या दिवशी आईनं माझी खाट ओसरीवर काढली. थोरली बहीण केडगावला नांदायला गेल्यापासून पुढच्या दाराच्या उजव्या हाताची छोटी खोली माझी झाली होती. खिडकीत माझी पुस्तकं होती, भिंतीवर माझा आरसा होता आणि दार लावून घ्यायची सोय होती. मॅट्रिकचं वर्ष होतं, तेव्हा त्या दाराचं मला केवढं अप्रूप! आईनं मला विचारलंसुद्धा नाही. पुस्तकं टोपलीत भरताना ती म्हणाली, "सरकारनं गावाला नर्सबाई दिलीय अन् गावात तिला कुनी जागा देईना. ती परत गेली तर बायांनी काय पुन्हा सुईणीच्या हाती मरायचं?" मी खिळ्यावरून आरसा काढायला लागले, तर म्हणाली, "आरसा ऱ्हाऊ दे. बाईला लागंल."

कोल्हारपासून कोसभर आत, रस्त्याला लागून आमचं घर. वडील शिंपी. ओसरीवर त्यांची दोन मशीनं होती आणि त्यांच्या खडखडाटाची मला इतकी सवय, की मशीन थांबलं की मी दचकून वर बघायची. आई काजं-बटणं करायची, हातशिलाई करायची. तोंडात सुई धरून बोलायची तिची एक लकब होती. बाईंना कुणी जागा का देत नव्हतं, ते आता सांगायला हरकत नाही. एक तर एकटी, बिनलग्नाची बाई. त्यात ख्रिस्ती. बाई आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या जनाकाकू डोकावल्या आणि हळूच म्हणाल्या, "भांडी येगळी ठिवली का गं?" आई सुई ओवता ओवता म्हणाली, "व्हय, ठिवली की. तुझी येगळी ठिवल्यात." त्यानंतर जनाकाकू महिनाभर आमच्याकडं फिरकल्या नाहीत. मला आईचा अभिमान वाटायला हवा होता. आज वाटतो. तेव्हा मनात एवढंच आलं, की माझ्यासाठी आई कुणाशी अशी कधी भांडली नाही.

बाई असतील चोवीस-पंचवीसच्या. सावळ्या, उंच, झपझप चालणाऱ्या. पांढरं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा, हातात पत्र्याची पेटी. सकाळी आमच्या चुलीवर त्या छोट्या पातेल्यात सुया उकळायच्या आणि स्पिरिटचा वास घरभर पसरायचा. चावडीशेजारच्या खोलीत दवाखाना चालवून दुपारनंतर त्या वस्त्यांवर जायच्या. दिवेलागणीला परत यायच्या तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले असायचे. आई हातातलं टाकून उठायची आणि तांब्याभर पाणी त्यांच्या पायांवर ओतायची. मीही रोज शाळेतून कोसभर चालत यायची. माझ्या पायांवर कुणी पाणी ओतलं नव्हतं.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. प्रवरेचं पात्र म्हणजे नुसती वाळू आणि मधेच कुठं डबकी. लग्नं नाहीत, सण नाहीत, त्यामुळं शिलाई नाही. एक मशीन झाकूनच ठेवलं होतं. गावाबाहेर दोन मैलांवर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं आणि निम्मं गाव तिथं माती उपसायला जायचं. वारा तिकडून असला की खडी फोडल्याचा आवाज घरात बसून ऐकू यायचा. रेशनवर मिलो मिळायचा, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल, जाड ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. घरात कणगीच्या तळाला थोडी आपली पांढरी ज्वारी उरली होती. ती आईनं राखून ठेवली होती. कुणासाठी, तर साळवेबाईंसाठी. बाईंना ती सगळ्यांच्या आधी चुलीपुढं जेवायला वाढायची. बाई डोळे मिटून पुटपुटत प्रार्थना करायच्या, तोवर आई हातातली भाकरी तव्यावर धरून थांबायची. मग त्यांच्या ताटात पांढरी भाकरी पडायची. कधी हुलग्याचे शेंगोळे केले तर पहिली वाटी त्यांची. बाई उठून गेल्यावर आमची ताटं, आमच्या ताटांत लाल भाकरी. एकदा मी म्हटलं, "आमी काय पाप केलंय?" आई म्हणाली, "तिला दिसभर चालायचं आस्तं. तू बसून तर आस्तीस."

पण भाकरीचंही मी एक वेळ सोडून दिलं असतं. खरी जखम वेगळीच होती, आणि ती मीच करून घेतली होती. मी सातवीत असताना आई एकदा माझी जुनी पाटी घेऊन माझ्याजवळ बसली होती. "मला बी शिकीव की," म्हणाली होती. मी अ काढून दाखवला. तिनं काढला तो आडवा पडला, त्याचं शेपूट भलतीकडंच गेलं. मला हसू आवरेना. मी ती पाटी वडिलांना नेऊन दाखवली, तेही हसले. आईसुद्धा हसली, पदरानं पाटी पुसली आणि भाकऱ्या करायला उठली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. आता तीच आई दुपारी मागच्या पडवीत साळवेबाईंजवळ बसून अक्षरं गिरवायची. बाई तिला 'अक्का' म्हणायच्या. "अक्का, घाई नाही. बोट धरून जा." मी ओसरीवर पुस्तक उघडून बसायची आणि एक ओळही वाचायची नाही. कान सगळे पडवीकडं.

बाईंवर उघड रागवायला काही कारण सापडत नव्हतं, हा तर वैताग होता. त्या माझ्याशी चांगल्याच वागायच्या, शरीरशास्त्राची आकृती काढून द्यायच्या. मग मी बारीकसारीक काहीतरी करायची. त्यांची फणी लपवायची. त्यांनी हाक मारली की ऐकू आलं नाही असं दाखवायची. एकदा त्या वस्तीवर गेल्या असताना मी खोलीत शिरले, त्यांचं घडी केलेलं पांढरं पातळ नेसले आणि माझ्याच आरशापुढं उभी राहिले. मी कशी दिसत होते ते मला अजून आठवतं. चांगली दिसत होते. मागून आईचा आवाज आला, "काढ ते. बाईचं इस्तरीचं हाय." एवढंच. मी कशी दिसते, याबद्दल चकार शब्द नाही.

परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, उन्हाळा नुसता पेटला होता. वडील सायकलवर कोल्हारला गेले होते. त्या दुपारी आई बाईंच्या केसांना तेल लावत होती आणि मधेच तेलकट हातानं पाटीवर काहीतरी लिहीत होती. मी पाण्याला म्हणून पडवीत गेले. बाई हसत म्हणाल्या, "विमल, बघ तरी, आज अक्कांनी पहिल्यांदा आख्खं नाव लिहिलंय." मला वाटलं माझं असेल. आईनं पहिलं नाव लिहायचं तर लेकीचंच लिहील ना! मी वाकून बघितलं. पाटीवर वाकडं-तिकडं 'शालीनी' होतं. शालिनी म्हणजे साळवेबाई. आई लहान पोरीसारखी लाजली होती. मी पाणी न पिताच ओसरीवर परत आले.

आणि तेवढ्यात तो माणूस दारात आला. घामानं निथळलेला, डोक्याला फडकं बांधलेलं. "तलावाच्या कामावरनं आलोय," तो धापा टाकत म्हणाला. "मुकादमानं धाडलंय. एका बाईला कळा लागल्यात. पहिलटकरीण हाय. नर्सबाई हायेत का घरी?"

"न्हाईत," मी म्हणाले. "लोणीला मिटिंगला गेल्यात. सांजच्या गाडीनं येतील."

इतकं सरळ, इतकं तयार खोटं माझ्या तोंडून त्याआधी कधी निघालं नव्हतं. त्यानं पाणी मागितलं, मी दिलं. तो उभ्यानंच प्यायला आणि आला तसा उन्हात पळत गेला. त्या अडलेल्या बाईचं काय होईल, हे माझ्या मनात आलंच नाही, असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण त्याच्या आधी आलं होतं ते हे, की आता लोक म्हणतील, नर्सबाई वेळेला जागेवर नसते. गावात तिचं नाव खराब होईल. मग आई काय म्हणते बघू.

मी मशीनवर जाऊन बसले आणि रिकामंच चाक फिरवत राहिले. आत्ता उठावं, आत जाऊन सांगावं, असं दहादा वाटलं. दर वेळी वाटे, आता सांगितलं तर उशीर का केला ते विचारतील. असा अर्धा तास गेला, मग तास. पडवीतून आईचा अडखळत वाचण्याचा आवाज येत होता.

बैलगाडीचा आवाज आधी आला आणि मग त्या पोरीचं ओरडणं. कामावरचे लोक तिला कोल्हारच्या डॉक्टरकडं घेऊन निघाले होते आणि रस्ता आमच्या दारावरून जात होता. तो आवाज ऐकून साळवेबाई तशाच बाहेर धावल्या, केस मोकळे, तेलानं चपचपलेले. मघाचा माणूस गाडीसोबत चालत होता. त्यानं बाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अवो, ही पोरगी तर म्हनली तुमी लोणीला गेल्यात!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आई दारात उभी होती. बाईंनी माझ्यावर एक नजर टाकली आणि गाडीत चढून त्या पोरीच्या पोटावर हात ठेवला. "कोल्हारपर्यंत नाही जायची ही," त्या म्हणाल्या. "हिला आत घ्या. अक्का, गोधड्या. विमल, पाणी उकळायला ठेव. माझी पेटी आण." माझं नाव त्यांनी अगदी रोजच्यासारखं घेतलं.

ओसरीवर मशीनं बाजूला सरकवली आणि आईनं दाराला धोतर बांधून आडोसा केला. त्या पोरीचं नाव गया. माझ्याच वयाची असेल, कदाचित लहान. नखांत माती होती, ओठ फुटले होते. बाईंनी मला तिचा पाय धरायला लावला. ती ताकदीनं लाथ मारायची, तळपायाच्या भेगा माझ्या हाताला ओरबाडायच्या. मी धरून राहिले. किती वेळ गेला सांगता येत नाही. बाई एकसारख्या बोलत होत्या, "आता नको, आता दम खा, आता लाव जोर, शाब्बास गं बाई." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. नाळेचा वेढा बाळाच्या गळ्याला बसला होता. बाईंची बोटं झरझर चालली, वेढा निघाला, बाळ बाहेर आलं, पण ते निळंसर होतं आणि हलत नव्हतं. रडलं नाही.

त्यांनी रबरी नळीनं बाळाच्या तोंडातला चिकटा ओढून काढला. पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. मग आपलं तोंड त्याच्या तोंडावर ठेवून हलकेच फुंकर घातली. पुन्हा घातली. मी नुसती मोजत होते. काय मोजत होते, देव जाणे. एक तास, एवढंच मनात येत होतं, तो एक तास. आणि मग ते पोर मांजरीसारखं बारीक रडलं. बाई मागं सरकून भिंतीला टेकल्या.

आता जे सांगते ते मी पुढं कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. पोर रडलं तेव्हा गयानं आधी पोराकडं बघितलं नाही. तिनं साळवेबाईंकडं बघितलं. असं बघितलं, की आईसुद्धा त्यांच्याकडं तसं कधी बघत नव्हती. आडोसा बाजूला केला तर वडील कोल्हारहून येऊन सायकल धरून बाहेर उभे होते, आणि त्यांनी त्या सावळ्या, तेलकट केसांच्या बाईला हात जोडले. माझ्या मनात त्या क्षणी पश्चात्ताप असायला हवा होता. होताही. पण त्याच्यावर चढून बसलेली दुसरीच गोष्ट होती. माझ्याकडं असं कुणी कधी बघेल का?

बाई मोरीवर हात धुवायला गेल्या तेव्हा मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. कोपरापर्यंत साबण लावत त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तुला माझा इतका राग कशाचा, विमल?"

"तुमी माझी आई घेतली," मी म्हणाले. आणि मग तोंडातून भलतंच निघालं, "अन् पांढरी भाकरी बी."

"कसली पांढरी भाकरी?"

तेव्हा मला कळलं, की त्यांना माहीतच नव्हतं. त्या आमच्या आधी जेवून उठायच्या, आम्ही मिलो खातो हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांचा साबण हातात तसाच राहिला. त्या संध्याकाळी त्या चुलीपुढं बसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, मला विमलच्या ताटातली भाकरी द्या." आईनं माझ्याकडं जे बघितलं, ते मला पुरून उरलं. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ते एवढंच, "बाईनं गळ घातली म्हनून घरात हायेस."

मॅट्रिकचा निकाल लागला, मी पास झाले, आणि नगरहून परतताना साळवेबाईंनी माझ्यासाठी एक फॉर्म आणला. तिथल्या एका दवाखान्याच्या नर्सिंगच्या शाळेचा. मी म्हटलं, "मला? मी काय केलंय ते इसरला का?"

"विसरले नाही," त्या म्हणाल्या. "ती नुसती चूक नव्हती, गुन्हाच होता तो. पण त्या दिवशी मी तुला तीनदा म्हटलं, आता पाय सोड, दमलीस. तू सोडला नाहीस. ते पण विसरले नाही." मग खाटेवर बसत म्हणाल्या, "मी नर्स का झाले, ठाऊक आहे? होस्टेलात दोन वेळचं पोटभर मिळायचं म्हणून. माझ्यासोबत एक होती, ती घरच्यांनी ठरवलेलं लग्न चुकवायला आली होती. एक विधवा होती, तिला सासरी परत जायचं नव्हतं. एकीला नुसती टोपी आवडायची. सेवा म्हणून आलेली एखादीच, आणि ती पहिल्या महिन्यात घरी पळाली. तू रागानं ये. राग टिकतो तोवर तुझं शिकून होईल."

पुढं मी स्वतः अशाच एका शाळेत पुष्कळ वर्षं शिकवलं. पहिल्या तासाला मी मुलींना कागद द्यायची, नर्सिंग का निवडलं ते लिहा म्हणायची. सगळ्या 'रुग्णसेवेची आवड' लिहायच्या. मी कागद परत द्यायची आणि म्हणायची, आता खरं लिहा, नाव घालू नका. मग काय काय यायचं! लवकर नोकरी लागते. भावाला शिकवायचंय. मावशी परदेशात आहे. वडिलांच्या आजारपणात एका सिस्टरनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. ते कागद वाचताना मला एकाही मुलीचं कारण हलकं वाटलं नाही. माझ्याइतकं वाईट कारण मात्र कुणी लिहिलेलं मिळालं नाही.

नगरच्या शाळेत माझी मुलाखत झाली, तेव्हा माझ्या आधीच्या पाच-सहा मुलींनी सेवा हाच शब्द घोकला होता. मीही तोच घोकून गेले होते. मेट्रनबाईंनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "आमच्या घरी एक नर्सबाई राहतात. माझी आई माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त माया करते. मला त्यांच्यापेक्षा चांगली नर्स व्हायचंय." मेट्रनबाई शेजारच्या बाईंना इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. माझी निवड झाली.

निघायच्या दिवशी आई यष्टीच्या थांब्यापर्यंत आली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या बांधून दिल्या. गाडी आली, मी चढले, खिडकीतून हात बाहेर काढला. तिनं तो दोन्ही हातांत धरला. आता ती माझ्याविषयी काहीतरी बोलेल म्हणून मी जीव कानांत आणून वाट बघत होते. ती म्हणाली, "बाईचं नाव राख हां, इमल." गाडी सुटली. नगर येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते आणि शेजारच्या म्हाताऱ्याला वाटत होतं, पोरीला घर सुटल्याचं दुःख झालंय.

वर्षभरानं माझी ड्युटी बायकांच्या वॉर्डात लागली. तिथं शेवगावकडची एक बाई होती, विषमज्वरानं महिनाभर पडलेली. तिनं माझाच ध्यास घेतला होता. दुसऱ्या कुणाच्या हातची पेज घ्यायची नाही. "माझी सिस्टर येऊ द्या" म्हणायची. खोटं कशाला सांगू, मला त्याचं फार सुख वाटायचं. मी वॉर्डात शिरले की तिचा चेहरा फुलायचा आणि मी मुद्दाम तिच्या खाटेकडं शेवटी जायची, म्हणजे तिला वाट बघायला लागेल. तिची बारा-तेरा वर्षांची लेक खाटेच्या पायथ्याशी बसून असायची, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून. एका सकाळी मी त्या बाईला चमच्यानं पेज पाजत होते. ती माझा हात कुरवाळत म्हणाली, "तू व्हतीस म्हनून जगले गं बाई. पोटच्या पोरीनं एवढं केलं नसतं." मी हसले आणि सहज मान वळवली. ती पोरगी माझ्याकडं बघत होती.

ते डोळे मला ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. मी ते चांगले वर्षभर वापरले होते.

पेज निम्मी उरली होती. मी उठले, वाटी आणि चमचा त्या पोरीपुढं धरला. "मला पलीकडं काम आहे," मी म्हणाले. "तू पाज." तिची आई म्हणाली, "न्हाई न्हाई, तिला न्हाई यायचं, ती सांडती." मी म्हटलं, "सांडू दे, चादर मी बदलीन." पोरीनं आधी आईकडं बघितलं. मग तिनं माझ्या हातातून वाटी जवळजवळ हिसकावूनच घेतली, माझ्या जागेवर बसली आणि माझ्याकडं पाठ केली. पहिला चमचा सांडला. मी पलीकडच्या खाटेवरची, मुळीच न चुरगळलेली चादर पुन्हा नीट करत उभी राहिले, आणि त्या बाईनं दुसऱ्या चमच्याला तोंड उघडलं तेव्हाही मी वाटी परत मागायला वळले नाही.